किती अंतरावर उभे राहावे?

‘सर, लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा घ्यायचा आहे. कोणता घेऊ?’ असे माजी विद्यार्थी मला अधूनमधून विचारतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो मी वर्षानुवर्षे काढत आलो, एवढाच माझा अधिकार. विचारणाऱ्याला कंपनीचे आणि मॉडेलचे नाव हवे असते. मला मात्र हा प्रश्न केवळ दुकानातला वाटत नाही. त्यात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो पैसे मोजण्यापूर्वीच सोडवावा लागतो.

दुकानातला भाग आधी उरकून टाकू. बॉडी घेणे ही सोयरीक असते. एका बॉडीबरोबर लेन्सचे सगळे गोत घरात येते. निकॉनचा एफ माऊंट १९५९ सालचा. त्यावरच्या जुन्या लेन्स पुढच्या कित्येक बॉडींना चालत आल्या. कॅननने १९८७ साली आपला माऊंट बदलला, तेव्हा जुन्या लेन्स बाळगणाऱ्यांची पंचाईत झाली. २०१८ साली तर दोघांनीही मिररलेससाठी नवे माऊंट आणले. तेव्हा बॉडी साधी किंवा वापरलेली चालेल, पण पुढे कोणत्या लेन्स लागतील याचा विचार करून घराणे निवडावे. चित्राच्या स्वच्छतेत आज कोणतीच कंपनी नवशिक्याला दगा देण्याइतकी मागे नाही. एवढे पुरे.

खरी अडचण पुढे येते. दुकानदार ‘दोन लेन्सचा संच’ दाखवतो : एक १८-५५ आणि दुसरी ७०-३०० मि.मी. मुलाचे डोळे त्या लांबुळक्या नळीवर खिळतात. एकाने मला सांगितले, ‘सर, सौंदत्तीच्या जत्रेत यल्लम्माला आलेल्या बायकांचे चेहरे टिपायचे आहेत. जवळ गेलो की त्या बावरतात. लांबून घेतले की भाव अस्सल येतात.’ वडिलांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी ती खरेदी होती, तरी मी पैशांविषयी बोललो नाही. मी त्याला थोडे गणित घातले. सर्वसाधारण नवशिक्याच्या कॅमेऱ्यात सेन्सर सुमारे २३.५ मि.मी. रुंद असतो. त्यावर ३५ मि.मी.ची लेन्स लावून दोन मीटरवर उभे राहिले, तर चौकटीत सुमारे सव्वा मीटर रुंदी मावते, म्हणजे एक माणूस कमरेपर्यंत. तीच चौकट ३०० मि.मी.ने हवी असेल तर सुमारे सतरा मीटर मागे जावे लागते. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा थोडेच कमी.

दोन मीटरवर माणूस तुमच्याकडे बघतो. ‘काढू का, मावशी?’ असे विचारता येते आणि ती ‘नको’ म्हणू शकते. सतरा मीटरवर हे दोन्ही संपते. लोक समजतात की लांबची लेन्स चेहरा बदलते. वस्तुतः नाकाडोळ्यांचे प्रमाण ठरते ते केवळ अंतरावरून. तेवढ्याच अंतरावरून कोणतीही लेन्स लावा, प्रमाण तेच. लेन्स फक्त किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. म्हणजे छायाचित्रकाराने कुठे उभे राहायचे याचा निर्णय त्याचा स्वतःचा असतो. लांब नळी त्याला एवढीच मुभा देते, की दूर राहूनही जवळ गेल्यासारखे दाखवावे.

गणवेशवाटपाच्या एका कार्यक्रमात एका देणगीदार संस्थेचा छायाचित्रकार आमच्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेत उभा होता. शर्टाची बटणे तुटलेला एक सातवीतला मुलगा त्याने तिथूनच टिपला. फोटो उत्तम होता, हे मी नाकारत नाही. संस्थेच्या अहवालात तो छापून आला आणि वर्गात फिरला. मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. फोटोतला भाव अस्सल होता, पण तो त्या मुलाचा होता. आपल्याकडून काही घेतले जाते आहे, हे त्याला कळायला हवे होते.

‘म्हणजे लांबची लेन्स घेऊच नये?’ असे कोणी म्हणेल. तसे मी म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्याला लागूनच दांडेलीचे जंगल आहे. तिथल्या धनेशाची मादी अंडी घालताना ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. त्या झाडाखाली दोन मीटरवर उभे राहणे म्हणजे त्या कुटुंबाची उपासमार. तिथे ३०० मि.मी.ही कमीच पडेल, आणि दूर राहण्यातच सभ्यता आहे. उलट, जवळ जाणाराही काही आपोआप सज्जन ठरत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक काम ५० मि.मी.वर, म्हणजे माणसांच्या जवळून करी. पण लायकाचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकून, कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. त्याला साधू म्हणावे की उचल्या, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्याची चित्रे पाहिली की उचल्या म्हणवत नाही, हेही खरे.

या बाबतीत मला होमाई व्यारावालांचा आधार वाटतो. स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स घेऊन त्यांनी दिल्लीतला सत्तांतराचा काळ टिपला. १९७० साली त्यांनी छायाचित्रण सोडले. नव्या छायाचित्रकारांच्या वागण्यात पूर्वीची अदब उरली नाही, हे त्यांनी सांगितलेले कारण. हात चालत असताना, केवळ वागणूक पटत नाही म्हणून कॅमेरा खाली ठेवणे मला मोठे वाटते. अखेरची बरीच वर्षे त्या वडोदऱ्याला राहिल्या. २०१२ च्या जानेवारीत तिथेच गेल्या.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : संचातली १८-५५ तेवढी घे. तिचे कडे ३५ वर आणून चिकटपट्टीने बांध, आणि एक महिना तसाच वापर. चौकट मोठी हवी असेल तर मागे सरक, लहान हवी असेल तर पुढे जा. यंदा जत्रेला जाशील तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवून आधी बायकांबरोबर रांगेत उभा राहा, त्या कुठून आल्या ते विचार. तुला कानडी येतेच. मग कितीजणी ‘काढ’ म्हणतात ते मला येऊन सांग. दांडेलीला मात्र पैसे साठवून जा. धनेश तुला ‘नको’ म्हणू शकत नाही.