खडखड कुठून येते?



परमार्थाच्या मासिकात गाडीच्या दुरुस्तीची गोष्ट कशाला, असे कोणाच्याही मनात येईल. पण आपल्या संतांनी दृष्टांत घेतले ते जात्याचे, मडक्याचे, मळ्यातल्या मोटेचे. जे रोज हाताशी होते, तेच त्यांनी देवापुढे मांडले. आज आपल्या हाताशी चारचाकी आहे, म्हणून दृष्टांतही तिचाच. शिवाय ही गोष्ट सांगणे माझ्यावर एक देणे आहे. ते कोणाचे, हे पुढे कळेलच.

दर शुद्ध एकादशीला आम्ही फलटणहून पंढरीला जातो. मी, आमची मंडळी आणि शेजारचे अण्णा. अण्णा ऐंशीच्या घरात आहेत. पायी वारी त्यांनी चाळीस वर्षे केली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून महिन्याची वारी माझ्या जुन्या गाडीतून घडते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत आम्ही जातो. गाडीत हरिपाठ लावलेला असतो आणि मागच्या सीटवर अण्णांचे टाळ त्याला साथ देत असतात.

गेल्या माघी एकादशीला निघालो आणि बरड ओलांडण्याच्या आत गाडीत कुठेतरी खडखड वाजू लागली. डब्यात सुटा खिळा टाकून हलवावा, तसा आवाज. गुळगुळीत रस्त्यावर गप्प, खराब रस्ता आला की सुरू. मला वाटे पुढून येतो, मंडळींना वाटे डावीकडच्या दारातून, अण्णा म्हणत मागून. एकच आवाज आणि तिघांच्या तीन दिशा.

मग शोध सुरू झाला. शोध कसला, संशयच तो. पहिला संशय डिकीतल्या जॅकवर. तो फडक्यात गुंडाळला, आवाज तसाच. दुसरा संशय अण्णांच्या पिशवीवर. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "अण्णा, ते टाळ तेवढे नीट धरा हो, डोके उठलेय." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी टाळ उपरण्यात गुंडाळले आणि पंढरपूर येईपर्यंत दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरले. खडखड चालूच होती. पण "अण्णा, तुमचे टाळ नव्हते" एवढे चार शब्द काही माझ्या तोंडून आले नाहीत.

तिसरा संशय आमच्या नेहमीच्या मिस्त्रीवर. महिन्यापूर्वीच त्याने गाडीची सर्व्हिसिंग केली होती. परत आल्यावर गाडी त्याच्याकडे नेली. त्याने एक बाजू जॅकवर उचलून पाहिली, चाक हलवले, नट तपासले आणि म्हणाला, "गुरुजी, काहीच सापडत नाही." मी मनात धरले की हा स्वतःची चूक लपवतोय. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. संध्याकाळी पारावर चार माणसांत बोलून गेलो, "त्याच्याकडे गाडी टाकू नका, नट ढिले सोडतो." मास्तरकी केलेल्या माणसाचा शब्द गावात चालतो. पुढच्या आठवड्यात दोघांनी आपल्या गाड्या दुसरीकडे नेल्या, हे माझ्या कानावर आले. ते ऐकून मला बरेच वाटले, हेही सांगून टाकतो.

फाल्गुनातल्या एकादशीला मी एक नवीन उपाय काढला. खडखड सुरू झाली की हरिपाठाचा आवाज वाढवायचा. उपाय लागू पडला. नाम मोठे झाले, खडखड ऐकू येईना. पण अण्णा त्या दिवशी टाळ घरीच ठेवून आले होते.

चैत्री वारीला जाताना नातेपुत्याच्या अलीकडे आवाज इतका वाढला की हरिपाठालाही तो दाबता येईना. रस्त्याकडेला एका वयस्क मिस्त्रीचे गॅरेज होते, तिथे गाडी घातली. मी सांगू लागलो, "आवाज पुढून, उजवीकडून…" त्यांनी हातानेच थांबवले.

"गुरुजी, कुठून येतो ते सांगू नका. कधी येतो ते सांगा."

मी गप्प झालो. दोन महिने मी 'कुठून' याचाच विचार केला होता, 'कधी' हे पाहिलेच नव्हते. ते म्हणाले, "पत्र्यातून आवाज फिरतो. पुढे वाजतो आणि मागे ऐकू येतो. कान फसतो. पण वेळ फसवत नाही."

मग त्यांनी गाडी रिकामी करायला लावली. जॅक, पाण्याच्या बाटल्या, दाराच्या कप्प्यातली चिल्लर, सगळे बाहेर. नंतर मला चालवायला सांगून ते आधी मागे बसले, मग पुढे. सरळ गतिरोधकावरून गाडी नेली. दोन्ही चाके एकदम चढली, एकदम उतरली, आवाज जवळजवळ नाहीच. मग एकच चाक खड्ड्यात जाईल अशी नेली. खडखड! त्यांनी मान हलवली. गाडी कामाच्या खड्ड्यावर घेऊन ते खाली उतरले, पुढच्या चाकामागची बोटभर जाडीची एक दांडी मुठीत धरून हलवली, आणि तोच आवाज झाला. माघापासून आमच्याबरोबर वारी करणारा!

तिला लिंक रॉड म्हणतात. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा एक वाकडा गज असतो, तो या दांड्यांनी चाकाकडच्या भागाला जोडलेला असतो. दांडीच्या टोकाला गोळीचा सांधा, त्यावर रबराची टोपी, आत ग्रीस. रबर जुने होऊन फाटते, ग्रीस जाते, धूळ शिरते, सांधा झिजतो आणि त्यात ढिलाई येते. दोन्ही चाके सारखी उचलली तर गजाला पीळ पडत नाही, म्हणून आवाज नाही. एक वर, एक खाली झाले की पीळ पडतो आणि ढिला सांधा वाजतो.

मी विचारले, "म्हणजे आधीच्या मिस्त्रीला हे दिसायला नको होते का?"

"त्याने एका बाजूने जॅक लावला असेल. तसे केले की ही दांडी ताणली जाते आणि ढिलाई लपते. चाके जमिनीवर, अंगावर ओझे, तेव्हाच ती हाताला लागते. त्याची चूक नाही. कोणाचीच नाही. वापराने झिजते."

दोन्ही बाजूंच्या दांड्या बदलायला पाऊण तासही लागला नाही. पंढरपूरपर्यंत गाडी नि:शब्द. आणि त्या शांततेत मला बरेच काही ऐकू येऊ लागले.

माऊली, इथून खरा प्रश्न सुरू होतो. मी खडखडीवर हरिपाठ मोठा केला, ते पाप की पुण्य? नाम तर घेतलेच ना? नाम कशासाठीही घेतले तरी ते तारते, ही आपली श्रद्धा आहे आणि ती खरी आहे. पण नाम घेणे वेगळे आणि नामाची भिंत बांधणे वेगळे. मी नाम ऐकायला आवाज वाढवला नव्हता, दुसरे काही ऐकू येऊ नये म्हणून वाढवला होता. असे आपण गाडीतच करतो का? भावाशी बांधावरून बोलणे तुटलेले असते, मनात ते खडखडत असते, आणि आपण म्हणतो, जाऊ दे, भजनाला बसू. भजनात मन शांत होते. पण सांधा ढिला तो ढिलाच राहतो.

कोणी म्हणेल, मनातले दोष उकरत बसणे हा वारकऱ्याचा मार्ग नाही, त्याने नाम घ्यावे आणि दोषांचे देवाने पाहावे. या म्हणण्यात तथ्य आहे. सारखे स्वतःला कुरतडणारा माणसाचा अहंकारही सुटत नाही, तो फक्त उलटा होतो. त्या मिस्त्रींनीही मला हेच बजावले होते, "दिसेल तो नट आवळत सुटू नका, जास्त आवळला तर आटे जातात." पण संतांची गाथा उघडून पाहा. किती ठिकाणी त्यांनी देवापुढे स्वतःचे दोष उघड केले आहेत! नामाने त्यांना दोष ऐकण्याचे धैर्य दिले. ज्याला आईच्या मांडीची खात्री आहे, तेच पोर आपली जखम उघडी करून दाखवते.

आणि आपल्या वारीने तर याची सोयच करून ठेवली आहे. माऊलींच्या सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरती होते, ती आपण पाहिली असेल. पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. त्या शांततेत तेवढाच आवाज ऐकू येतो. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात. हरवल्या-सापडल्याची घोषणाही तिथेच होते. मगच आरती.

विचार करा, माऊली. तक्रारीचा टाळ बुडवायला दुसऱ्या दिंड्यांनी आणखी जोराने वाजवावे, असे कोणी ठरवले नाही. ठरवले ते असे की बाकी सगळ्यांनी थांबावे, म्हणजे कोण वाजते आहे ते कळेल. मनाचेही तसेच आहे. एकांतात, देवघरात, आपण जॅकवर उचललेल्या गाडीसारखे असतो. ओझे नसते, म्हणून ढिलाई हाताला लागत नाही. ती कळते ती तंबूत दहा जणांच्या दाटीत, पाण्याच्या टँकरपाशी, एक चाक वर आणि एक खाली असताना. तिथे जे वाजते, ते 'कधी' वाजते हे लक्षात ठेवावे. दिशा चुकेल, वेळ चुकणार नाही. मी अण्णांवर कधी चिडलो? मला कारण सापडत नव्हते तेव्हा. मिस्त्रीला नावे कधी ठेवली? पारावर, चार माणसे ऐकत होती तेव्हा.

प्रत्येक खडखड आपलीच असते असेही नाही. कधी समोरच्याने खरोखरच नट ढिला सोडलेला असतो. पण इथे तर दोषी असा कोणी नव्हताच, एक रबर जुने झाले होते. दोषी मी तयार केला, आणि तेवढा दोष मात्र नक्की माझा.

घरी आल्यावर मिस्त्रीकडे गेलो. तो काम करता करता म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, होतं असं." मला हायसे वाटले, आणि लगेच कळले की हे फार स्वस्तात सुटणे झाले. बोललो होतो पारावर, माफी मागितली गॅरेजात. म्हणून त्याच पारावर, तितक्याच मोठ्याने, सगळे सांगितले. तेव्हा जे ऐकायला नव्हते त्यांच्यासाठी हा लेख. देणे म्हणालो ते हे.

अण्णांकडेही गेलो. म्हटले, "अण्णा, टाळ तुमचे नव्हते हो." ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मला वाटलं, माझेच असतील. हात थरथरतात आताशा."

गरीब स्वभावाच्या माणसावर खोटा आळ घातला की तो वाद घालत नाही, विश्वास ठेवतो. हे मला या वयात कळले.

पुढच्या एकादशीला अण्णांनी टाळ आणले. वेळापूरपर्यंत ते पिशवीतच होते. मी हरिपाठ बंद केला आणि म्हणालो, "अण्णा, आता तुम्हीच म्हणा." गाडीत दुसरा आवाज नव्हता.

राम कृष्ण हरी.