वल्ह्याच्या वेगाने

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या ज्या रस्त्यावर तिसगाव वसलं आहे, त्याला या भागात सगळे कल्याण–विशाखापट्टणम महामार्ग म्हणतात. नावातलं एक टोक उल्हास नदीच्या खाडीवर आणि दुसरं थेट बंगालच्या उपसागरावर. मधलं तिसगाव मात्र पर्जन्यछायेतलं. इथे पाण्याचा विषय निघतो तो टँकर, विहिरीचा तळ आणि कालव्याचं आवर्तन यांच्या निमित्ताने. अशा गावातून मुंबईभोवती समुद्रात कयाक वल्हवण्याबद्दल लिहिणं अनेकांना अस्थानी वाटेल. मला ते तसं वाटत नाही. ओळखीच्या जागेला अनोळखी बाजूने, स्वतःच्या अंगबळावर आणि त्या जागेच्या वेळापत्रकाप्रमाणे भिडणं यालाच मी शोध म्हणतो. अशा शोधाची ओढ किनाऱ्यावर जन्मलेल्यांची मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्यांची चैनही नाही. ती माणसाची गरज आहे, आणि ज्या समाजात ती दबते त्याला त्याची किंमत मोजावी लागते. हे दाखवायला मुंबईइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

मुंबई आजही बेट आहे, ही गोष्ट रस्त्याने आणि लोकलने फिरणाऱ्याच्या लक्षातून गेलेली असते. सात बेटं जोडली गेली, वरळीचा बांध अठराव्या शतकात पडला, कुलाब्याचा रस्ता 1838 मध्ये झाला, माहीमचा 1845 मध्ये. पण ही सगळी बेटं अखेर जोडली गेली ती साष्टीच्या बेटाशी आणि साष्टी चहूबाजूंनी पाण्यातच राहिलं. शिवडीच्या चिखलवाटांवरून रोहित पक्ष्यांना उजवीकडे किंवा डावीकडे ठेवत ठाण्याच्या खाडीत शिरावं, ठाण्यापाशी अरुंद झालेल्या पाण्यातून घोडबंदरकडे निघावं, वसईच्या किल्ल्यासमोर पुन्हा उघड्या समुद्रात यावं आणि उत्तन, गोराई, मढ, वेसावे, माहीम, वरळी करत कुलाब्याच्या दांडीपाशी वळावं, की या महानगराला पाण्यावरून प्रदक्षिणा पूर्ण होते. कयाकचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटर. बंदरातल्या पाण्याच्या जोरदार ओढीविरुद्ध त्यातला फारसा उरत नाही. त्यामुळे ही वाट मनाला येईल तेव्हा धरता येत नाही. भरतीबरोबर खाडीत शिरायचं, ओहोटीबरोबर बाहेर पडायचं. वेळ चुकली तर पाण्याऐवजी कमरेएवढा चिखल वाट्याला येतो. इथे घड्याळापेक्षा पंचांग उपयोगाचं. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हा हिशेब कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे आणि त्याच शहरातल्या लाखो शिकलेल्या माणसांना तो माहीतही नाही. एकाच जमिनीवर राहणाऱ्या दोन समाजांमधलं हे अंतर मला शहरातल्या इतर कुठल्याही विषमतेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: आता शोधायला उरलंय काय? उपग्रहाने प्रत्येक खडक टिपला आहे, फोनवर प्रत्येक खाडी दिसते. पण दिसणं आणि कळणं यांतलं अंतर मुंबईने फार महाग पडून पाहिलं आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी घराघरांत शिरली, आणि शहरातल्या असंख्य लोकांना आपल्याकडे एक नदी आहे याचा पत्ता तेव्हा लागला. ती नकाशावर होतीच. फक्त तिच्या काठाने, तिच्या पाण्यातून कुणी जात नव्हतं. ती कुठे आवळली गेली, भरतीचं पाणी माहीमच्या खाडीतून तिच्यात किती आत येतं, भराव कुठे पडला, हे रोज पाहणारे डोळे कमी आणि त्या डोळ्यांचं ऐकणारे त्याहून कमी. दुसरा दाखला अलीकडचा. किनारी रस्त्याच्या बांधकामात वरळीच्या कोळ्यांनी आग्रह धरला, की त्यांच्या होड्या जिथून समुद्रात जातात तिथल्या खांबांमधलं 60 मीटरचं अंतर पुरणार नाही. लाटा आणि ओढ यांत होडी खांबावर आदळेल. मोठा संघर्ष झाला आणि अखेर ते अंतर 120 मीटर करण्याचं मान्य झालं. नकाशे, आकडेमोड, सल्लागार सगळं हाताशी असताना ही गोष्ट सांगावी लागली ती त्या पाण्यातून रोज जाणाऱ्यांना. उपग्रह पाण्याचा आकार दाखवतो. पाण्याचं वागणं त्यात उतरून शिकावं लागतं.

लहान होडीच्या या ज्ञानाने इतिहासही घडवलेला आहे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रजांनी आपली जहाजं आणून बेटाची कोंडी केली. जहाजं मोठी, तोफा जड. पण मराठ्यांच्या हलक्या, वल्ह्यांच्या होड्या रात्री थळच्या किनाऱ्यावरून उथळ पाण्यातून निसटत, रसद पोहोचवत, आणि वारा पडला की शिडाची जहाजं जागच्या जागी हताश उभी राहत. ऑक्टोबरमधल्या लढाईत इंग्रजांचं डव्ह हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं आणि 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांना तह करून मागे सरावं लागलं. तीच खांदेरी 2025 च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेली. त्याचा आनंद योग्यच आहे. मात्र त्या विजयाचं निम्मं श्रेय दगडी तटाइतकंच कुठे किती पाणी आहे हे अंधारातही ठाऊक असणाऱ्या वल्हेकऱ्यांचं होतं, आणि त्या ज्ञानाची यादी कुणी केलेली नाही.

आता त्याहून गंभीर आक्षेप. ज्या पाण्यावर कोळी पोटासाठी जातो, त्याच पाण्यावर महागडी प्लॅस्टिकची कयाक घेऊन सुटीच्या दिवशी जाणारा नोकरदार स्वतःला शोधक म्हणवतो, हे बरोबर आहे का? हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. मुंबईचा समुद्र कोळ्यांना माहीत आहे, तेव्हा तो ‘शोधल्याचा’ दावा कुणी करूच नये. शोध इथे स्वतःच्या अज्ञानाचा आहे. कयाक ही मुळात खेळाची वस्तूच नव्हती. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी लाकडाच्या नाहीतर हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं मढवून ती शिकारीसाठी घडवली. म्हणजे तीही एका कष्टकरी समाजाची उसनी घेतलेली विद्या आहे. उसनं घेणाऱ्याने ज्याचं घेतलं त्याचे नियम पाळावेत. बोंबलासाठी लावलेल्या डोलीच्या जाळ्यांपासून लांबून जावं, पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या काळात आपणही किनाऱ्यावर राहावं, बंदरावर उतरताना आधी तिथल्या माणसांना विचारावं. असं वागणाऱ्याला कोळीवाडा परका राहत नाही. कौस्तुभ खाडे यांनी 2015 मध्ये एकट्याने मुंबई ते गोवा कयाक वल्हवली आणि पुढे द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंतचा सुमारे तीन हजार किलोमीटरचा किनारा पार केला. त्या दुसऱ्या प्रवासात त्यांच्या सहप्रवासी शांजली शाही किनाऱ्याने सायकल चालवत होत्या. अशा प्रवासात दर संध्याकाळी कुठल्या तरी किनाऱ्यावर उतरावंच लागतं, आणि तिथे मासेमारांची वस्ती असते. मोटारीने जाणाऱ्याला गावं टाळता येतात, वल्हवणाऱ्याला ती सोय नाही. ही अगतिकता मला या प्रवासाचा सर्वांत मोठा गुण वाटते.

सुरक्षेचा मुद्दा मात्र खरा आहे. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीशेजारी रबरी होडीतूनच उतरले होते. नौदलाचं क्षेत्र, तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र, बंदराचा मार्ग इथे मनाई असणारच आणि असावी. वर काढलेली प्रदक्षिणाही या मनाईला वळसा घालून, परवानगी घेऊनच करायची गोष्ट आहे. पण त्या रात्री उतरलेली माणसं पाहून प्रश्न विचारले ते वस्तीतल्या लोकांनीच. ज्या किनाऱ्यावर सामान्य माणसाची नियमित ये-जा असते तो किनारा जास्त राखला जातो, ओस पडलेला नव्हे. सांडपाण्याबद्दलही तेच म्हणेन. आज मुंबईच्या खाड्यांमध्ये हात घालायची इच्छा होत नाही, हे खरं. पण गटार म्हणून पाहिलेलं पाणी गटारच राहतं. त्या पाण्यात आपली मुलं वल्हवायला जाणार असतील तर ते स्वच्छ करण्यासाठी भांडणारे आईबाप तयार होतात. ठाण्याची खाडी 2022 मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आली ती पक्ष्यांसाठी. माणसांसाठी तिच्या काठावर उतरायच्या साध्या पायऱ्याही पुरेशा नाहीत.

राहिला तिसगावचा प्रश्न. या पठाराचा समुद्राशी काय संबंध, असं म्हणणाऱ्याने जुनी कागदपत्रं उघडावीत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर इथून गाड्यांनी माल बंदरांकडे जात असल्याची नोंद आहे, आणि कल्याणच्या बंदराचीही. पैठण इथून जवळच. पुढे नगरच्या निजामशाहीचं चौल हे मोठं बंदर होतं. 1508 ची चौलची आरमारी लढाई, 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला घातलेला वेढा, या सगळ्यात नगरच्या दरबाराची नजर समुद्रावर होती. पाण्याकडे पाठ फिरवणं हा आपला स्वभाव नव्हता. तो धर्मशास्त्रातल्या सिंधुबंदीने आणि नंतर परकीयांच्या वर्चस्वाने अंगवळणी पाडला. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना जाहीर सभेत आपल्या जाण्याची कारणं सांगावी लागली होती. दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तोवर एकाही भारतीयाने ती केली नव्हती. अमेरिकेच्या जोशुआ स्लोकमने ती 1898 मध्येच पूर्ण केली होती. मधल्या 112 वर्षांत आपल्याकडे धाडस नव्हतं असं नाही. ते करायची मुभा कुणाला नव्हती.

मुभेचा हा प्रश्न पाथर्डी तालुक्यात फार टोचतो. इथली माणसं प्रवास करत नाहीत असं कुणी म्हणू नये. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि सहा-सहा महिने परक्या फडांवर राहतात. तिसगावशेजारच्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत राज्यभरातून भटक्या जमाती येतात. तिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. म्हणजे वाटा तुडवणं हे इथल्या माणसाच्या हाडीमाशी आहे. पण मुकादमाची उचल घेऊन केलेल्या प्रवासात वाट निवडता येत नाही, थांबता येत नाही, मागे फिरता येत नाही. नवीन प्रदेश दिसतो, तो पाहायला उसंत नसते. ज्याला सक्तीने जावं लागतं त्याला हौसेने जाण्याचा हक्क नाकारणं आणि वर ‘भुकेल्यांना हे कशाला’ म्हणणं, यात मला त्यांच्याबद्दलची कणव दिसत नाही. यात त्यांची भूक भाकरीपुरतीच आहे असं गृहीत धरलेलं असतं.

आणि पाणीही दूर नाही. इथून तासाभरावर शेवगाव तालुक्यात जायकवाडीचा फुगवटा सुरू होतो. 1976 मध्ये पूर्ण झालेलं हे धरण, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला नाथसागर, 1986 पासून पक्षी अभयारण्य. नगरकरांना आणि मराठवाड्याला तो बातम्यांतल्या टक्केवारीपुरता ठाऊक आहे: किती टक्के भरला, वरून किती सोडायचं, कोर्टात काय झालं. ज्या पाण्यासाठी दोन प्रदेश दरवर्षी भांडतात त्याच्यावर त्या प्रदेशांतली किती मुलं कधी गेली असतील? बुडालेल्या गावांच्या खुणा उन्हाळ्यात पाण्यातून वर येतात. त्या कुठल्या गावाच्या, हे सांगणारी पिढी अजून हयात आहे. तिथे वल्हवण्याचं शिक्षण द्यायचं तर सुरुवात जीवरक्षक जॅकेट आणि पोहण्यापासून हवी. वादळवाऱ्याचे महिने आणि हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांचे उथळ काठ वगळावे लागतील, मोटारबोटींना तर थाराच नको. शिकवणारे म्हणून बाहेरून कुणी आणण्याआधी तिथल्या भोई मासेमारांना मानधन देऊन बोलवावं. तालुक्याच्या शाळांच्या सहली दरवर्षी निघतातच, त्यांतली एक या पाण्यावर न्यायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. वनखात्याची परवानगी, चार होड्या आणि त्या होड्यांत आधी मुली बसतील असा आग्रह धरणारे शिक्षक एवढ्यावर ते सुरू होऊ शकतं.