जलप्रलय आणि जलशास्त्रज्ञ

हेन्री मॉरिस हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या परिचयाचे असेल. अमेरिकेतील डॅलस येथे १९१८ साली जन्मलेले हे बाप्टिस्ट पंथीय गृहस्थ पेशाने स्थापत्य अभियंता होते. वाहत्या पाण्याचे शास्त्र हा त्यांचा खास विषय. १९५० साली त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, १९५७ पासून तेरा वर्षे व्हर्जिनियातील तंत्रविद्यापीठात स्थापत्य विभागाचे प्रमुखपद सांभाळले आणि जलशास्त्रावर पाठ्यपुस्तकही लिहिले. असा माणूस पृथ्वी अवघ्या काही सहस्र वर्षांची आहे हे सिद्ध करण्यासाठी आयुष्य का वेचतो? अडाणीपणा म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही.

तरुणपणी उत्क्रांती आणि ईश्वरश्रद्धा यांचा मेळ त्यांनाही मान्य होता. पुढे बायबलच्या अभ्यासाने त्यांचे मत पालटले. १९६१ साली जॉन व्हिटकोम या धर्मपंडितासमवेत त्यांनी ‘द जेनेसिस फ्लड’ हा ग्रंथ लिहिला. जीवाश्म असलेले खडकांचे बहुतेक थर नोहाच्या वेळच्या एका वर्षाच्या प्रलयात साचले, असे त्याचे प्रतिपादन. लेखक पाण्याचाच जाणकार, त्यामुळे भाविकांना तो आप्तवाक्यासारखा वाटला. परंतु ॲरिझोनातील महादरीच्या कड्यात, वर-खाली इतर थर असलेल्या कोकोनिनो वालुकाश्मात, लहान चतुष्पाद प्राण्यांच्या पावलांचे ठसे आहेत. भूशास्त्रज्ञ त्या थराला वाळवंटी वाऱ्याने रचलेल्या टेकड्या मानतात. जगबुडी ऐन भरात असताना ते प्राणी कोरड्या वाळूवर चालले कसे? धरणाच्या सांडव्याची रुंदी आधी ठरवून मग पुराची मोजमापे तिला जुळवून घेणारा सहायक मॉरिस यांनी आपल्या हाताखाली क्षणभरही ठेवला नसता. भूशास्त्रात मात्र त्यांनी स्वतः तेच केले.

तरीही येथपर्यंत ते आम्हाला प्रामाणिक वाटतात. प्रलय विश्वव्यापी होता हे आपण देवाचे वचन तसे सांगते म्हणून मानतो, ही कबुली त्यांनी उघडपणे दिली होती. श्रद्धेने घेतलेल्या निर्णयाला श्रद्धा म्हणण्यात कमीपणा नाही.

आमचे मन अडखळते ते पुढच्या टप्प्यावर. १९७० साली प्राध्यापकी सोडून ते सॅन डिएगोला गेले आणि तेथे त्यांनी सृष्टिनिर्मितीच्या संशोधनासाठी संस्था उभारली. १९७४ साली ‘सायंटिफिक क्रिएशनिझम’ हे पुस्तक दोन आवृत्त्यांत निघाले. सर्वसाधारण आवृत्तीत बायबलवर एक प्रकरण होते. सरकारी शाळांसाठीच्या आवृत्तीतून पवित्र शास्त्राचे उल्लेख वगळले होते. ज्या वचनासाठी हा सारा खटाटोप, तेच वचन वर्गाच्या दारातून आत शिरण्यासाठी लपवून ठेवावे लागले. देवाची साक्ष द्यायला निघालेल्या माणसाने देवाचेच नाव झाकावे, हे योग्य म्हणावे काय? कायद्याची अडचण होती हे आम्ही जाणतो. पण अडचणीत साक्षीदाराने काय करावे, हाच तर नीतीचा प्रश्न आहे.

१९८१ साली आर्कान्सा राज्याने उत्क्रांतीबरोबर हे ‘सृष्टिविज्ञान’ शिकवणे सक्तीचे केले. त्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्यांत मेथडिस्ट व एपिस्कोपल बिशपांबरोबर तेथील कॅथलिक बिशपही होते. नास्तिकांविरुद्ध धर्म असा हा सामना मुळी नव्हताच. हे विज्ञान नसून धर्म आहे, असा निकाल ५ जानेवारी १९८२ रोजी लागला. लुइझियानाचा तसाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली रद्द ठरवला. मॉरिस २००६ साली निवर्तले. मत त्यांनी शेवटपर्यंत बदलले नाही.

पृथ्वी आणि आकाश यांविषयी ख्रिस्ती माणसाने जाणकारांसमोर भलतेच बोलू नये, नाहीतर ते पुनरुत्थानाविषयी आपले म्हणणे कशाला मानतील, अशी चिंता संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच व्यक्त केली होती. १९५० साली पोप पायस बारावे यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीवरील संशोधनाला व चर्चेला वाट मोकळी ठेवली, तर १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही असे म्हटले.

हे सारे आम्ही मोठ्या दिमाखाने सांगतो खरे. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादा मुलगा विचारतो, “सर, आदाम आधी की डायनोसोर?” तेव्हा आम्हीही “मोठा झालास की कळेल” असे म्हणून पुढचे पान उलटतो.