निम्मे-निम्मे

२०२४च्या मार्चमध्ये आम्ही दोघांनी मिळून एक ऑनलाइन कोर्स घेतला. कॅटची तयारी: रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, रात्री नऊला डाउट सेशन आणि २५ मॉक टेस्ट. किंमत १४,००० रुपये. निम्मे मी दिले, निम्मे माझ्या मित्राने. एका लॉगिनवर एकच माणूस, असं अटींमध्ये लिहिलेलं असतं. आम्ही त्या अटी वाचल्या नाहीत आणि वाचल्या असत्या तरी तेच केलं असतं. ती चूक आमच्या दोघांची. पुढे जे लिहितोय ते माझ्या एकट्याचं आहे.

मी बिबवेवाडीत मुख्य रस्त्याच्या आतल्या एका जुन्या सोसायटीत राहतो. तो राहतो अप्पर इंदिरानगरला. आमच्याकडे सगळे नुसतं 'अप्पर' म्हणतात. स्कूटरवर दहा मिनिटं. माझे वडील बँकेत, मला स्वतःची खोली, खोलीला दार. त्याचे वडील मार्केट यार्डात भुसार विभागात हमाल. घरात दोन खोल्या आणि पाच माणसं. तो दिवसभर एका मेडिकल दुकानात काम करायचा आणि रात्री अभ्यास.

लॉगिनचं वेळापत्रक ठरलं होतं. सकाळी सहा ते नऊ माझं, रात्री दहानंतर त्याचं. मॉकचा प्रश्न वेगळा होता, कारण एका लॉगिनवर एक मॉक एकदाच देता येत होता. मग रविवारी दुपारी तो आमच्याकडे यायचा. लॅपटॉपवर मी, शेजारी वही घेऊन तो. स्क्रीन एक, घड्याळ एक. दोन तास, तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायवाल्या प्रश्नात चुकलं की उणे १. संपलं की तो आपली उत्तरं वहीतून तपासायचा. मग आम्ही खाली अमृततुल्यमध्ये जाऊन कुठे अडकलो ते बोलायचो. इंग्रजी उतारे मी त्याला समजावायचो. डेटा आणि लॉजिकचे सेट तो मला. कोण कुणाच्या शेजारी बसलंय, कोणत्या टीमने किती सामने जिंकले, असल्या सेटमध्ये मी वाक्यं पुन्हापुन्हा वाचत बसायचो. तो सरळ तक्ता आखायचा. म्हणायचा, दुकानात फळीवर औषधं लावायची असतात तसंच आहे हे.

सप्टेंबरमध्ये सलग दोन रविवार त्याचा स्कोअर माझ्यापेक्षा जास्त आला. पहिल्यांदा मला खरंच आनंद झाला. दुसऱ्यांदा मी चहाचे पैसे दिले आणि घरी येऊन आईवर विनाकारण चिडलो.

तिसऱ्या रविवारी सकाळी मी त्याला मेसेज केला, "या आठवड्याचा मॉक अजून ओपन झालेला नाही." मॉक शुक्रवारीच ओपन झाला होता. त्या रात्री दार लावून मी तो एकट्याने दिला.

असं सात वेळा झालं. कधी मॉक ओपन नव्हता, कधी सर्व्हर डाऊन होता, एकदा घरी पाहुणे होते. तो दर वेळी "बरं" म्हणायचा. लेक्चर्स त्याला दिसत होती, डाउट सेशन मिळत होतं. मी फक्त मॉक द्यायची संधी काढून घेतली होती, आणि स्वतःला सांगत होतो की यात काही काढून घेण्यासारखं नाहीच. सोल्युशन तर नंतर त्यालाही दिसतंच.

२४ नोव्हेंबरला परीक्षा झाली, १९ डिसेंबरला निकाल आला. मला ९४.६२ पर्सेंटाइल, त्याला ८९च्या थोडं खाली. आईने शेजारच्या चार घरी पेढे दिले आणि प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणाली : "कुणाची मदत नाही, स्वतःच्या हिमतीवर मिळवलं पोराने." मी मागे उभा होतो, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी एक गणित केलं. तसं सोपं आहे, कोर्समध्ये अशीच गणितं असतात.

पर्सेंटाइल म्हणजे तुम्हाला किती येतं ते नव्हे. शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत, ते. त्या वर्षी कॅटला साधारण २ लाख ९३ हजार जण बसले. म्हणजे माझ्या पुढे सुमारे १५,७०० माणसं होती. आता समजा, माझा मित्र सगळे मॉक देऊन माझ्या पुढे गेला असता, तर माझं पर्सेंटाइल किती घसरलं असतं? १०० भागिले २,९३,०००. उत्तर येतं ०.०००३४. निकालपत्रावर दशांश चिन्हानंतर दोनच आकडे छापतात. त्यातला शेवटचा आकडा एकाने हलायला जवळपास २९ माणसं पुढे जावी लागतात. एका माणसाने तो हलतच नाही.

म्हणजे ज्या एकाला अडवण्यासाठी मी सात वेळा खोटं बोललो, तो पुढे गेला असता तरी माझ्या निकालात एक अक्षर बदललं नसतं. जे १५,७०० जण खरंच पुढे गेले त्यांच्यापैकी एकालाही मी ओळखत नव्हतो. त्यांच्यावर माझा कसलाही राग नव्हता. तीन लाख अनोळखी लोकांशी स्पर्धा करता येत नाही, त्यांचा चेहराच दिसत नाही. म्हणून आपण ती शेजारी वही घेऊन बसलेल्या माणसाशी करतो.

तुम्हीही कधी केली असेल. नोट्स "घरी राहिल्या" म्हणून सांगितलं असेल, किंवा ग्रुपवर कुणी शंका विचारली तेव्हा उत्तर येत असूनही फोन उलटा ठेवला असेल.

हे गणित सुटल्यावर मला आधी हायसं वाटलं, ते का ते सांगतो. मला वाटलं, मी फार तर मूर्खपणा केला. फायदा शून्य, म्हणजे नुकसानही शून्य. मग लक्षात आलं की शून्य फक्त माझ्या बाजूला आहे. सात मॉकचा सराव बुडाल्याने त्याचे किती गुण गेले हे कुठल्याच सूत्राने काढता येणार नाही. आणि दुसरं म्हणजे, समजा गणित उलटं असतं. समजा एकच जागा उरली होती आणि त्या खोटेपणामुळेच ती मला मिळाली. मग ते बरोबर ठरलं असतं का? फायदा नाही म्हणून एखादी गोष्ट मूर्खपणाची ठरते, पण ती चूक आहे की नाही हे फायद्यावरून ठरत नाही. त्याने ७,००० रुपये दिले होते आणि मी शब्द दिला होता. चूक तिथे होती. पर्सेंटाइलचा तिच्याशी संबंध नव्हता.

त्यानंतर मी जरा मोठ्या पुस्तकांचा आधार शोधला. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१मध्ये 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये मांडलंय की जन्मतः मिळालेली बुद्धी ही आपली कमाई नाहीच, पण कष्ट करण्याची इच्छासुद्धा बऱ्याच अंशी घरावर आणि परिस्थितीवर अवलंबून असते. 'मेरिटॉक्रसी' हा शब्द ज्याच्यामुळे रूढ झाला त्या मायकेल यंगने १९५८मध्ये तो टिंगल करायला वापरला होता. त्याचं पुस्तक हे गुणवत्तेच्या नावावर नवी उच्चनीचता तयार झालेल्या समाजाचं उपहासचित्र होतं. लोकांनी शब्द उचलला आणि टिंगल विसरले. २००१मध्ये म्हाताऱ्या यंगला वर्तमानपत्रात लेख लिहून तक्रार करावी लागली.

हे वाचून मला बरं वाटलं आणि तिथेच माझी दुसऱ्यांदा फसगत झाली. मी मनात म्हणालो, बघा, सगळा खेळच असमान आहे. मला खोली होती, त्याला नव्हती. मला बारावीपर्यंत इंग्रजी माध्यम, त्याला नाही. त्याला सकाळी आठला दुकान उघडायचं असायचं. एवढ्या मोठ्या असमानतेपुढे सात मॉकचं काय? पण माझी खोली, माझी शाळा, वडिलांची नोकरी यातलं काही मी केलेलं नव्हतं. "मॉक ओपन झालेला नाही" हा मेसेज मात्र मी टाइप केला होता. मोठ्या अन्यायाच्या सावलीत आपले छोटे अन्याय आरामात बसून राहतात. रॉल्स खरा असेल, तर माझ्या हातात फार थोडं होतं. आणि त्या थोड्याचं मी हे केलं.

कॅटच्या विरोधात मला काही म्हणायचं नाही. १९६१मध्ये देशात दोन आयआयएम सुरू झाल्या, आज वीसहून अधिक आहेत, तरी जागा कमी आणि माणसं जास्त. रांग लावावीच लागेल. ओळखीने किंवा पैशाने लागणाऱ्या रांगेपेक्षा परीक्षेने लागलेली रांग मला केव्हाही चालेल. पण पर्सेंटाइलची एक गंमत बघा. उद्या देशातल्या सगळ्या उमेदवारांनी एकमेकांना शिकवलं आणि सगळ्यांचं गणित दुप्पट चांगलं झालं, तरी पर्सेंटाइलची सरासरी साधारण ५०च राहील. माणसं शहाणी झालेली त्या आकड्याला दिसतच नाहीत, त्याला फक्त क्रम दिसतो. आठ-नऊ महिने तो एकच आकडा डोळ्यांसमोर ठेवला की आपल्यालाही बाकीचं दिसेनासं होतं.

मित्राचे वडील एकदा मला म्हणाले होते, "तुमच्या परीक्षेत टोळी नसते होय?" तेव्हा मी हसलो होतो. यार्डात हमाल टोळीने काम करतात. गाडी आली की टोळी पोती उतरवते, हमाली टोळीच्या नावे जमा होते आणि सगळ्यांत सारखी वाटली जाते. हे आपोआप झालेलं नाही. एकेकटा हमाल होता तेव्हा शेजारचा कमी पैशांत पोतं उचलायला तयार असायचा आणि दोघंही उपाशी राहायचे. पुण्यात १९५०च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली, १९६९मध्ये राज्यात माथाडी कायदा आला, आणि मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळू लागली. मी काकांना विचारलं होतं, एखादा जास्त पोती उचलतो, एखादा कमी, मग वाटा सारखा कसा? ते म्हणाले, "आज मी जास्त उचलतो बाळा. उद्या माझी कंबर जाणारच आहे."

प्रवेश परीक्षेत टोळीसारखे गुण वाटता येत नाहीत, हे मला कळतं. पण त्या दहा बाय दहाच्या खोलीत, एका लॉगिनवर, आमची दोघांची टोळीच होती. ती मी मोडली.

जानेवारीत मी त्याला सांगितलं. त्याच अमृततुल्यपाशी, स्कूटरवर बसून. मी बरीच तयारी केली होती, कुठून सुरुवात करायची वगैरे. तो म्हणाला, "माहीत होतं. दिलेल्या मॉकवर तारीख आणि वेळ येते ना."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? लॉगिन तुझ्या नंबरवर. ओटीपी तुझ्या फोनवर."

मी इतके दिवस जे काही गणित केलं त्यात ही गोष्ट नव्हती. पैसे निम्मे-निम्मे होते, पण कोर्स कधीच निम्मा-निम्मा नव्हता. त्याने भांडण केलं असतं आणि मी पासवर्ड बदलला असता, तर त्याची लेक्चर्सही गेली असती. म्हणून तो सात वेळा "बरं" म्हणाला. रात्री बारानंतर तो माझे दिलेले मॉक उघडायचा, उत्तरांवर वही आडवी धरायची, फोनवर ४० मिनिटांचा टायमर लावायचा आणि तसेच सोडवायचा. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी त्याला ७,००० रुपये परत देऊ केले. तो म्हणाला, "पैसे नकोत. एप्रिलमध्ये सीईटी आहे, त्याचे मॉक याच कोर्समध्ये आहेत. नंबर बदल." एमबीए सीईटी म्हणजे १५० मिनिटांत २०० प्रश्न, एका प्रश्नाला ४५ सेकंद, उणे गुण नाहीत. त्याच्यासारख्या झटपट तक्ता आखणाऱ्याला हा पेपर जमण्यासारखा आहे. मी तिथेच सेटिंगमध्ये गेलो. माझ्या फोनवर शेवटचा ओटीपी आला, तो वाचून दाखवला आणि त्याचा नंबर टाकला. रविवारी ये म्हणालो. "बघू" म्हणाला. अजून आलेला नाही.

मला दोन ठिकाणची मुलाखतीची बोलावणी आली आहेत. कोर्समध्ये मुलाखतीचा वेगळा भाग आहे. त्यात एक प्रश्न हमखास असतो : तुमच्या आयुष्यातलं अपयश सांगा. शिकवणारे सर म्हणतात, असं अपयश निवडा ज्यात तुमचा एखादा गुण दिसेल आणि शेवटी त्यातून काय शिकलात ते सांगा. मी कॉलेजच्या फेस्टला प्रायोजक मिळाला नाही त्याची गोष्ट तयार ठेवली आहे. त्यात माझा गुण दिसतो. ही गोष्ट तिथे सांगणार नाही. लिहू का, असं त्याला विचारलं तर म्हणाला, "लिही, माझं नाव टाकू नकोस."

ते व्हिडिओ बघायचे असले की आता मला त्याला फोन करावा लागतो. तो दुकानात असतो, गिऱ्हाईक असतं. "थांब जरा," म्हणतो. मी थांबतो. मग तो सहा आकडे सांगतो.