दोघांपैकी दुसरा



आजच्या शुभवर्तमानात (लूक 10) प्रभू येशू बहात्तर शिष्यांना गावोगावी पाठवतो. थैली नको, झोळी नको, पायतणही नको. ज्या घरी स्वागत होईल तिथेच राहा, पानात वाढतील ते खा, घरे बदलत फिरू नका, अशी ताकीद देतो. खिशात पैसे नाहीत, गाव अनोळखी, असे हे प्रवासी. मात्र एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. प्रभूने त्यांना एकेकटे पाठवले नाही, जोडीजोडीने पाठवले.

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. संध्याकाळच्या मिस्सानंतर एक तरुण पाठीवर बॅग घेऊन शेवटच्या बाकाजवळ उभा होता. विदर्भातून आला होता, सोमवारी सकाळी परळला मुलाखत होती. "फादर, जवळपास एका रात्रीची स्वस्तात सोय होईल का?" असे त्याने विचारले. मला बैठकीला जायची घाई होती. "स्टेशनजवळ लॉज आहेत, विचारून बघ," एवढे सांगून मी निघालो. तो "थँक यू फादर" म्हणाला आणि पावसात बाहेर पडला. त्याचे नावही मी विचारले नव्हते, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले. तो कुठे झोपला, मला आजही ठाऊक नाही. दोष माझाच. पण दारात छत्र्या घेऊन गप्पा मारत उभे असलेले आपण पंधरावीस जणही त्याला वाट देण्यापुरतेच बाजूला झालो होतो.

ह्या शहराला असे माणूस काही नवे नाही. धोबीतलावला गोव्याच्या गावांच्या 'कुडी' होत्या, काही आजही आहेत. जेर महाल इमारतीत तर कितीतरी. एका गावाची एक कूड. बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत खलाशी तिथे राहायचा. भाडे अगदी थोडे. खोलीत स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू, भिंतीला लावलेली ट्रंक. रात्री जमिनीवर पथारी. समोर गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी. पहिल्यांदाच मुंबई पाहणाऱ्या पोराला त्या रोझरीत आपल्या गावचे आवाज ऐकू येत असतील, तेव्हा काय वाटत असेल!

गिरगाव-लालबागच्या चाळीत कोकणातल्या गाववाल्यांच्या खोल्या होत्या. एक जण गिरणीत पाळीला गेला की त्याच्या जागी दुसरा झोपायचा. जेवण महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईच्या खानावळीत. ह्याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. मग 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, त्या खोल्याही बव्हंशी गेल्या. माणसे यायची मात्र थांबली नाहीत.

आज येणारा दादरला उतरतो. डिसेंबर 2023 पासून तिथले फलाट 1 ते 14 असे सलग क्रमांकांचे झाले, नाहीतर पश्चिम आणि मध्य रेल्वेचे तेच ते आकडे पाहून नवखा चक्रावून जाई. तरी प्रभादेवी विचारले तर एखादे आजोबा एल्फिन्स्टनच सांगणार! हातात फोन असतो, नकाशा असतो. नकाशा रस्ता दाखवतो, "जेवलास का रे?" असे तो विचारत नाही.

कोणी म्हणतील, फादर, दिवस वाईट आहेत, अनोळखी माणूस घरात कसा घ्यायचा? शंका रास्त आहे. कुडीतसुद्धा गावाची ओळख लागायची, वाटेवरच्या कोणालाही तिथे घेत नसत. पण ह्याच दहाव्या अध्यायात पुढे तो शमरोनी येतो. त्याने जखमी माणसाला स्वतःच्या घरी नेले नाही. उतारशाळेत नेले, दोन नाणी दिली, परत येईन म्हणाला. घर उघडता आले नाही तरी सोबत जाता येते. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलचे रुग्ण व नातेवाईक तिथे अल्प दरात राहतात. तिचा पत्ता आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? मला त्या दिवशी तीही आठवली नाही.

तेव्हा दोन विनंत्या. एक, मिस्सानंतर शेवटच्या बाकाजवळ अनोळखी चेहरा दिसला तर आधी त्याचे नाव विचारा, मग इतर गप्पा. जमल्यास स्टेशनपर्यंत नाहीतर लॉजच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर चाला. प्रभूच्या जोडीतला त्याचा दुसरा माणूस त्या संध्याकाळी तुम्हीच.

दुसरी विनंती सभागृहामागच्या खोलीची. ओळखपत्र पाहून, वहीत नोंद करून, एका वेळी एक-दोन मुलांना एक-दोन रात्री तिथे झोपता येईल का, यावर धर्मग्राम परिषदेत बोलणे झाले आहे. पोलीस ठाण्यात काय कळवावे लागते, याची चौकशी परिषदेतील दोघे करत आहेत. मतभेद आहेत, ते मांडावेत. सध्या त्या खोलीत मोडके पंखे आणि नाताळच्या गोठ्याचे सामान भरले आहे. मरिया आणि योसेफ यांचे पुतळेही तिथेच, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. येत्या रविवारी नऊच्या मिस्सानंतर खोली आवरू. पुतळे वर माझ्या कार्यालयात ठेवता येतील. झाडू मी आणतो, कोणीतरी दोन बल्ब आणा.