मजेत आहेस ना?

दर रविवारी भारतातून तुम्हालाही हा प्रश्न येत असेल. आई विचारते, मी "हो" म्हणते आणि फोन ठेवल्यावर ते 'हो' कितपत खरं होतं याचा हिशोब करत बसते. पोस्टडॉकचं पत्र एकेका वर्षाचं. पेपर स्वीकारला गेला की आनंद होतो, पण तो फार तर गुरुवारपर्यंत पुरतो. मग पुढचा पेपर, पुढचा व्हिसा.

मी फिलाडेल्फियात राहते. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी याच शहरात डॉक्टर झाल्या आणि त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. आनंदीबाईंची आठवण आपण इथे आवर्जून काढतो, रमाबाईंची मात्र जरा हात राखून. कारण तुम्हाला ठाऊक आहे: १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता.

टिकणाऱ्या आनंदाबद्दल मराठी माणसाने केलेला विचार शोधताना मी त्यांच्यापाशी येऊन थांबले. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत एक छोटं आत्मकथन लिहिलं, कधीही न सरणाऱ्या ठेव्याची साक्ष म्हणून. त्यातली एक कबुली मला अनपेक्षित होती. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे.

म्हणजे अमेरिकेतल्या यशाच्या दिवसांत तो आनंद त्यांच्यापाशी नव्हता! इथे त्यांची व्याख्यानं गाजली, १८८७ मध्ये पुस्तक निघालं, बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली. धर्म बदलून झाला होता, नावही झालं होतं.

मग काय कमी होतं? मला वाटतं, हिशोब संपला नव्हता. त्यांचं बालपण तीर्थयात्रेत गेलं. आईवडील पुराणं सांगत, व्रतं करत, दानं देत आणि तरी १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण पाठोपाठ गेले. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवराही. पुण्य साठवायचं आणि फळाची वाट पाहायची, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांच्या सांगण्यानुसार आनंद आला तो आपण काही न कमावताही स्वीकारले गेलो आहोत हे उमगल्यावर. साइटेशन मोजत जगणाऱ्या माझ्यासारखीला हे वाक्य झोंबतं.

तरी एक शंका उरतेच, तुम्हालाही आली असेल. परिस्थितीवर अवलंबून नसलेला आनंद म्हणजे दुःखाकडे केलेली पाठ तर नव्हे? रमाबाईंच्या बाबतीत तसं दिसत नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, बायकांना घेऊन आल्या. स्वतःचं घर ज्यात संपलं, त्याच भुकेत त्या पुन्हा शिरल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराला जुंपलेल्या होत्या. त्या काळात त्यांच्या मनात काय होतं हे मी कोण सांगणार, पण दगड झालेली बाई असं करत नाही.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये गणपती बसतो आणि अथर्वशीर्ष यूट्यूबवर लागतं. रमाबाईंची श्रद्धा वगळून त्यांचा आनंद तेवढा उचलावा, असा मोह होतो. हल्ली ध्यानधारणेची ॲप्स साधारण हेच करतात. पण ते मला अप्रामाणिक वाटतं. ज्याने आपल्याला स्वीकारलं असं त्या म्हणतात, तोच काढून टाकला तर मागे उरतं काय? त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. हिशोबाची वही मात्र माझीच आहे, एवढं दिसायला लागलं आहे.

गेल्या रविवारी आईने विचारलं तेव्हा म्हटलं, "नाही गं, पेपर परत आलाय." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "माझाही गुडघा महिनाभर दुखतोय. तुला सांगितलं नव्हतं."