वाट पाहणाऱ्यांची प्रार्थना

उज्जैन येथे शिप्रेजवळ सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधविलेली वेधशाळा आहे. तेथील सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ कळते. पाहुणा ती आपल्या मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहतो आणि गोंधळतो. आपली प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. उज्जैन त्याच्या बरेच पश्चिमेला. त्यामुळे उज्जैनचा सूर्य घड्याळाच्या सरासरी सत्तावीस मिनिटे मागे असतो. यंत्र चुकत नाही व घड्याळही चुकत नाही. सर्वांसाठी ठरविलेली वेळ वेगळी आणि त्या जागेवरची वेळ वेगळी, इतकेच.

विवाहाच्या बाबतीत मात्र आपण सर्वांना एकाच घड्याळाने मोजतो. उपासना संपली की मंदिराच्या दारातच प्रश्न येतो, "काय मग, लाडू केव्हा?" माळव्यात मराठी ख्रिस्ती घरे थोडी. स्थळ पाहायचे तर पुष्कळदा नगर, नाशिक, पुण्याकडे शब्द टाकावा लागतो. कोठे फोटो परत येतो, कोठे निरोपच येत नाही. अशा वेळी एखादी बहीण मनात म्हणते, "मी इतकी वर्षे प्रार्थना करते, देव ऐकतो की नाही?" या प्रश्नाला उपदेशाने गप्प करू नये. मनुष्याने एकटे असणे बरे नाही, हे देवानेच प्रथम म्हटले (उत्पत्ती २:१८). सोबतीची इच्छा हा विश्वासाचा उणेपणा नव्हे.

मग मागावे तरी काय? उत्पत्तीचा चोविसावा अध्याय पुन्हा वाचा. अब्राहामाचा सेवक विहिरीपाशी प्रार्थना करतो. तो रूप मागत नाही की घराणे पारखत नाही. परक्या वाटसरूला पाणी देऊन, "तुमच्या उंटांनाही पाजते," असे आपण होऊन म्हणेल, अशी मुलगी तो मागतो. उंट दहा होते, आणि तहानलेला उंट किती पाणी पितो हे राजस्थानकडचे लोक सांगतील. रिबकेने ते सारे पाणी ओढले. तेव्हा आपल्याला कोणी पारखीत आहे याची तिला कल्पनाही नव्हती. ती लग्नाची तयारी करीत नव्हती. ती रोजचे काम मोठ्या मनाने करीत होती.

येथेच आपली एक चूक ध्यानात येते. "मी राग सोडला, शास्त्र वाचले, शब्बाथशाळेत शिकविले, आता देवाने जोडीदार द्यावा," असे आपण नकळत म्हणतो. ही प्रार्थना नव्हे, हा सौदा झाला. सौदा फिसकटला की मनुष्य देवावर रुसतो, किंवा भीतीपोटी येईल त्या स्थळाला होकार देतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या प्रार्थनेला एक कसोटी लावावी: लग्न झालेच नाही, तरी ही प्रार्थना केल्याचे समाधान राहील काय? जिभेवर ताबा मिळावा, ज्यांनी नकार दिला त्यांच्याविषयी मनात कडवटपणा राहू नये, आपल्या हातून घरच्या म्हाताऱ्यांची सेवा घडावी, जो अनोळखी जीव आज कोठेतरी चिंतेत असेल त्याला धीर मिळावा, या मागण्या कधीच वाया जात नाहीत.

विवाहाने वाट पाहणे संपते, असेही नाही. इसहाकाचे लग्न चाळिसाव्या वर्षी झाले, आणि पुत्रमुख पाहण्यास त्याला आणखी वीस वर्षे थांबावे लागले. त्या काळात त्याने पत्नीसाठी विनंती केली. रिबका आली त्या संध्याकाळी तो शेतात मनन करीत होता. एकटेपणी जडलेली सवय त्याला संसारात उपयोगी पडली असावी.

आणि जोडीदार मिळालाच नाही तर? पौल अविवाहित स्थितीलाही देवाचे दान म्हणतो (१ करिंथ ७:७). हे आपल्या माळव्याने पाहिले आहे. १८८४ साली डॉ. एलिझाबेथ बीटी कॅनडाहून इंदूरला आल्या आणि १८८६ साली डॉ. मॅरियन ऑलिव्हर त्यांना येऊन मिळाल्या. या दोन अविवाहित स्त्रियांनी तेथे स्त्रियांच्या रुग्णसेवेचा पाया घातला. त्यांचे जीवन अर्धे होते, असे कोण म्हणेल?

शिक्षकांनो, लग्न झाल्यावरच जीवन सुरू होते, असे मुलांना आपल्या बोलण्यातून शिकवू नका. आणि मंडळीच्या वडीलजनांनो, पुढच्या रविवारी लाडूंची चौकशी करण्याऐवजी त्या बहिणीला किंवा भावाला आपल्या घरी जेवायला बोलवा. एकटेपणावरचे ते औषध आपल्याच हाती आहे. त्यांची वेळ आपल्या घड्याळात पाहू नका. ती त्यांच्या प्रभूच्या हाती आहे.